भाड्याच्या अंगणातली संघटना

हल्ली कुठल्याही व्यावसायिक संघटनेत नवी कार्यकारिणी आली की पहिला ठराव ठरलेला... फेसबुकवर पान काढा, लिंक्डइनवर ग्रुप काढा. झाली कम्युनिटी तयार! अरे, कम्युनिटी म्हणजे काय दोन मिनिटांच्या नूडल्स आहेत?

जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आलं. तिथे कम्युनिटीजचं नुसतं पीक आलं होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ते बंद केलं. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला गेले, आणि साइटवरचे जुने मेसेज, फाइल्स तर त्याआधीच पुसल्या गेल्या. मालकाने वाडा पाडला की भाडेकरूने जायचं कुठे?

बरं, वाडा उभा असला तरी सुख नाही. फेसबुकच्या पानावरची सूचना कोणाला दिसणार हे अल्गोरिदम ठरवणार. सभासद तुमचे, मेहनत तुमची, मर्जी मात्र कंपनीची!

एसीएम १९४७ ची, आपली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची. दोन्ही उभ्या राहिल्या त्या नियतकालिकं, चॅप्टर्स आणि व्याख्यानांवर. लाइक्सवर नव्हे.

नेटवर्क वापरूच नका, असं मी म्हणत नाही. नवी पोरं तिथेच भेटतात, परदेशी गेलेले सभासदही तिथेच सापडतात. पण ते दार आहे, घर नव्हे. सभासदांची यादी, व्याख्यानं, प्रश्नोत्तरं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. आणि एखाद्या ज्युनिअरने प्रश्न विचारला तर अंगठा दाखवून पसार होऊ नका, उत्तर द्या. सत्कारसमारंभांचे फोटो टाकून व्यवसाय पुढे जात नाही हो!