नफा खरेदीतच असतो

नफा विक्रीत नव्हे, खरेदीतच असतो, असे जुने व्यापारी सांगत. भांडवल मोजके आणि माल अमाप असला, की पारख महत्त्वाची ठरते. निसर्गरक्षणासाठी जमीन विकत घेताना अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने ही पारख शास्त्रीय नोंदींच्या आधारे केली.

१९९० मध्ये या राज्याने दहा वर्षांसाठी दरवर्षी ३० कोटी डॉलरची जमीन-खरेदी योजना आखली. १९९९ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याचा, ‘फ्लोरिडा फॉरेव्हर’चा कायदा झाला. जमीन घ्यायची ती मुख्यतः स्वखुशीने विकणाऱ्याकडून. रक्कम मोठी होती, तरी सारे अरण्य, पाणथळ आणि किनारे घेण्यास अपुरीच. मग आधी काय घ्यावे?

उत्तर नोंदवहीत होते. ‘फ्लोरिडा नॅचरल एरियाज इन्व्हेंटरी’ ही संस्था १९८१ पासून दुर्मीळ वनस्पती आणि प्राणी कोठे आढळतात याची नोंद ठेवते. प्रत्येक जातीला १ ते ५ अशी श्रेणी असते. १ म्हणजे अतिदुर्मीळ. या नोंदी नकाशावर मांडल्या जातात. त्यांवर भूजल पुनर्भरणाची क्षेत्रे, पूरक्षेत्रे आणि प्राण्यांचे संचारमार्ग यांचे थर चढतात. आधीच किती अधिवास सुरक्षित आहे, तेही पाहिले जाते. जे दुर्मीळ आणि ज्याचे रक्षण सर्वांत तोकडे, ते यादीत वर जाते.

केवळ एकर मोजले असते, तर दूरची स्वस्त दलदल विपुल मिळाली असती. परंतु मध्य फ्लोरिडातील ‘लेक वेल्स रिज’ ही प्राचीन वाळूची उंच पट्टी निसटली असती. कोरडी, उंच जमीन संत्र्यांच्या बागांना सोयीची आणि घरांनाही. म्हणूनच तिथला मूळचा झुडुपी प्रदेश झपाट्याने घटला. फ्लोरिडाबाहेर कोठेही न आढळणारा स्क्रब जे हा निळा पक्षी येथे राहतो. त्याचे कुटुंब एकत्र असते. मोठी पिले आईवडिलांजवळ राहून धाकट्या भावंडांना भरवतात. हा पक्षी फार दूर स्थलांतर करीत नाही. म्हणून विखुरलेले तुकडे जोडणारा लहानसा भूखंडही मोलाचा ठरतो. हे मोल बाजारभावात दिसत नाही, नकाशात दिसते.

या खरेदीचा पैसा प्रामुख्याने दस्तांवरील मुद्रांक शुल्कातून येतो, आणि यातच एक पेच आहे. जमिनीची तेजी असते तेव्हा शुल्क भरपूर जमते, पण भावही चढलेले असतात. मंदीत भाव उतरतात, तेव्हा तिजोरी रिकामी असते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर या योजनेचा निधी कमालीचा आटला. अखेर २०१४ मध्ये सुमारे ७५ टक्के मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली: या शुल्काच्या निव्वळ उत्पन्नातील ३३ टक्के वाटा वीस वर्षे जमीन व पाणी यांच्या रक्षणासाठी. पुढच्याच वर्षी, हा पैसा ठरलेल्या कामावरच खर्च होतो का, यावरून वाद न्यायालयात गेला.

नोंदवही क्रम सांगते. पैसा पुरवणे आणि तो ठरलेल्या खात्यातच खर्च करणे हे माणसांच्या सचोटीवर राहते. निसटलेला सौदा व्यापाऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा साधता येतो. वाळूच्या त्या पट्टीवर एकदा घरे उभी राहिली, की पुढचा हंगाम येत नाही.