वीसपैकी किती?

दोस्तांनो, आज जरा गणिताची वही काढा. घाबरू नका, परीक्षा नाही! पण गणित मोठं महत्त्वाचं आहे. ते आहे गोवराचं.

गोवर म्हणजे आधी ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे आणि मग अंगभर पुरळ. पण पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. शिवाय रोगी खोलीतून निघून गेला, तरी त्याचे विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात. मग लांब राहायचं तरी कोणापासून?

आता मांडा गणित. कोणालाच लस दिलेली नसेल, तर गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना तो देतो. आपण १८ धरू. त्यातले १७ जण सुरक्षित असले, तर रोग एकालाच होईल. पण तो एक पुढं आणखी एकाला देईल. म्हणजे साखळी चालूच! ती तुटायला दर २० जणांत १९ सुरक्षित हवेत. किती टक्के झाले? बरोब्बर, ९५!

आणि ही मोजणी गल्लीगल्लीत करायची बरं का! शहराची सरासरी छान असली, तरी एखाद्या वस्तीत वीसपैकी चौदाच मुलांना लस मिळालेली असू शकते. गोवर नेमका तिथं शिरतो. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत तो असाच पसरला. कोरोनाच्या काळात कितीतरी बाळांच्या लसी राहून गेल्या होत्या. भिवंडी, मालेगावातही रुग्ण निघाले. काही बाळं दगावली. मग आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले, मुलांना जादा डोस दिले गेले.

'गोवर काय, येतो नि जातो,' असं काही मोठी माणसं म्हणतात. पण गोवरातून न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते, कधी दृष्टीही जाते.

लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांचं असताना, दुसरा १६ ते २४ महिन्यांचं असताना. पहिला डोस सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, म्हणून दुसरा चुकवायचा नाही.

आणि नऊ महिन्यांच्या आतलं बाळ? त्याला सहसा ही लस देत नाहीत. त्याचं रक्षण आजूबाजूच्या मुलांनी करायचं. म्हणजे तुम्हीच!

तर या आठवड्याचा गृहपाठ. आईकडून तुमचं आणि धाकट्या भावंडांचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. त्यावर 'गोवर' किंवा 'एमआर' असं दोनदा लिहिलेलं आहे का, ते बघा. एकदाच असेल, तर आईबाबांना लगेच सांगा आणि डॉक्टरांना विचारा.

करणार ना? वीसपैकी एकोणीस भरायला हवेत!