प्रकाशाच्या तराजूत वीज

परभणीत विजेचा विषय निघाला की भारनियमन आठवते, थकबाकी आठवते, जळालेले रोहित्र आठवते. जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र असलेल्या या जिल्ह्यात निर्मिती आणि पुरवठा यांवर पुष्कळ बोलले जाते. वीज अचूक मोजायची कशी, हा प्रश्न मात्र तज्ज्ञांवर सोडून आपण मोकळे होतो. वास्तविक, माप ज्याच्या हाती, व्यवहार त्याच्या हाती.

उच्चदाबाच्या उपकेंद्रात चिनी मातीचे, तेलाने भरलेले जे उंच स्तंभ दिसतात, त्यांतील अनेक करंट ट्रान्सफॉर्मर असतात. प्रचंड प्रवाहाचे प्रमाणबद्ध लहान रूप ते मीटरला आणि संरक्षक यंत्रणेला पुरवतात. परंतु मोठा बिघाड झाला, की त्यांचा लोहगाभा संपृक्त होऊन माप चुकू शकते. आतील विद्युतरोधन निकामी झाल्यास स्तंभाचा स्फोटही होतो. एकदिश प्रवाहापुढे तर हे साधन हतबलच ठरते.

याला पर्याय आहे ऑप्टिकल फायबरचा. प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती काचतंतूचे वेढे द्यायचे आणि त्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडायचा. प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्राने ते प्रतल किंचित वळते. प्रवाह जितका अधिक, तितके वळण अधिक. मायकेल फॅरेडे यांनी प्रकाश व चुंबकत्वाचे हे नाते १८४५ मध्ये दाखवून दिले. काच वीज वाहून नेत नसल्याने तेलाची गरज उरत नाही आणि लोहगाभाच नसल्याने तो संपृक्त होण्याचा प्रश्नही येत नाही. स्वित्झर्लंडच्या एबीबी कंपनीने याच तत्त्वावर पाच लाख अँपिअरपर्यंत प्रवाह मोजणारी यंत्रे बाजारात आणली.

आणि आपण? फायबर ऑप्टिक्स हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातील मोग्याचे. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२१ मध्ये, मरणोत्तर. विशेष प्रकारच्या फायबरवर कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था काम करते. दूरसंचाराचे फायबर तर आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला तयार होते. काच आपली, बुद्धी आपली; मग प्रवाह मोजणारे यंत्रच तेवढे परक्याचे का असावे?

अडचण आहे, हे मान्य. तापमान आणि कंपने यांनी या मापात दोष शिरतो. पण म्हणूनच परभणीचा उन्हाळा ही उत्तम प्रयोगशाळा आहे. पारा ४४ अंशांवर नेणाऱ्या येथील उन्हात जे यंत्र खरे उतरेल, ते देशात कोठेही टिकेल. महापारेषणने जिल्ह्यातील एका उपकेंद्रात जुन्या करंट ट्रान्सफॉर्मरशेजारी स्वदेशी प्रकाशमापक बसवावा, मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वर्षभर दोन्हींच्या नोंदी ताडून पाहाव्यात आणि निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, जनतेसमोर ठेवावेत.

स्वदेशी ही केवळ घोषणा नव्हे, ती दीर्घ आणि शांत तपश्चर्या आहे. आयात केलेल्या मापाने आपली वीज मोजली जाईल, पण आपले सामर्थ्य मोजले जाणार नाही.