वजन कमी करणारी इंजेक्शने आणि माशातले हार्मोन: ‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित का?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आले. वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती संपली की स्वस्त देशी इंजेक्शनांचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे दवाखान्यात एक प्रश्न वाढला आहे: “डॉक्टर, जीएलपी-१ तर आपल्या शरीरातलेच हार्मोन, मग घ्यायला काय हरकत?”

याचे उत्तर समजायला मासे उपयोगी पडतात.

शोध लागला माशात

माणसात इन्सुलिन आणि ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके स्वादुपिंडात विखुरलेले असतात. अँगलरफिश या समुद्री माशात त्यांची वेगळी गाठच असते, म्हणून अभ्यास सोपा. बोस्टनमध्ये जोएल हाबेनर यांच्या गटाने १९८२ मध्ये या माशाचे ग्लुकागॉनचे जनुक वाचले. त्यात ग्लुकागॉनशेजारी त्याच्यासारख्याच दुसऱ्या हार्मोनची कृती लिहिलेली सापडली. पुढे सस्तन प्राण्यांतही तेच दिसले आणि जीएलपी-१ हे नाव रूढ झाले.

उत्क्रांतीत कधी कधी जनुकाच्या एखाद्या भागाची जास्तीची प्रत तयार होते. मूळ प्रत जुने काम करत राहते, दुसरी हळूहळू बदलते. ग्लुकागॉन आणि जीएलपी-१ अशीच भावंडे आहेत.

हार्मोन तेच, काम उलटे

माणसात साखर वाढली की जीएलपी-१ इन्सुलिन वाढवते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि भूक आवरते. अनेक माशांत मात्र तेच हार्मोन यकृताला साठवलेली साखर सोडायला लावते, म्हणजे रक्तातील साखर वाढवते! कारण हार्मोन ही किल्ली आणि पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. माशांत किल्ली फारशी बदलली नाही, कुलूप बदलले.

रुग्णांनी यातून काय घ्यावे?

हार्मोनचा परिणाम ते कोणत्या शरीरात, किती आणि किती वेळ काम करते यावर ठरतो. आपले स्वतःचे जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत नष्ट होते. सेमाग्लुटाइडचा परिणाम आठवडाभर टिकावा अशी त्याची रचना बदललेली आहे. म्हणून ते ‘शरीरातलेच’ राहत नाही, ते औषध आहे.

- मासे खाऊन जीएलपी-१ मिळत नाही; ते पोटात पचून जाते. मासे प्रथिनांसाठी जरूर खा.
- मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे. पित्ताशयात खडे होऊ शकतात.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांचे डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
- स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर आधी सांगा.
- औषध थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू शकते. आहार आणि व्यायाम सुटत नाहीत.

ज्यांना मधुमेह किंवा लठ्ठपणाचा खरा त्रास आहे त्यांच्यासाठी ही औषधे मोलाची आहेत. पण चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या माणसाचा डोस बघून ती घेऊ नका. इंजेक्शन चालू असताना पोटात तीव्र, न थांबणारे दुखू लागले तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ती स्वादुपिंडाला सूज आल्याची खूण असू शकते.