कुलूप म्हणजे सुट्टी नव्हे

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की अनेक विद्यापीठांच्या आवारात दोन नोटिसा लागतात. एक विभागाच्या फलकावर: प्रकल्प अहवाल, सेमिनार, अंतर्गत मूल्यमापन, सगळं सुट्टीपूर्वी पूर्ण करा. दुसरी वसतिगृहाच्या दारावर: अमुक तारखेपर्यंत खोल्या रिकाम्या करा, मेस बंद राहील. पहिली नोटीस म्हणते, बसून काम कर. दुसरी म्हणते, ऊठ आणि चालू लाग. दोन्ही काढणारी संस्था एकच असते आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही.

यावर लिहायला हवं, कारण या कुलपाची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, टेबल आणि इंटरनेट आहे, त्याला सुट्टी म्हणजे फराळ आणि विश्रांती. ज्याच्या घरी हे काहीच नाही, त्याच्या अभ्यासाची जागाच त्या तारखेला जप्त होते.

पदव्युत्तर शिक्षण म्हणजे चार सत्रांचा, दोन वर्षांचा काळ. २०२३-२४पासून राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार हे अभ्यासक्रम सुरू झाले आणि त्यात संशोधन प्रकल्प व प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. प्रयोगशाळेतली मोजमापं मधेच सोडता येत नाहीत. मुलाखतींची टिपणं आठवणीतून जाण्याआधी लिहून काढावी लागतात. त्यात ‘नेट’ परीक्षेचं एक सत्र डिसेंबरचं. प्राध्यापक व्हायचं, संशोधन करायचं तर ही परीक्षा हवी. आणि तिच्या तयारीचे सर्वांत मोकळे दिवस दिवाळीच्या सुट्टीतलेच. नेमक्या त्याच दिवसांत खोली नाही, जेवण नाही आणि अभ्यासिकाही अर्धवेळ.

मग हे विद्यार्थी जातात कुठे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाचं उदाहरण घ्या. हंगाम सुरू होताना आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघालेले असतात. वसतिगृहाने ‘घरी जा’ म्हटलं, तर त्याच्या घरालाही कुलूपच असतं. मालेगाव-भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाचं घर उघडं असतं, पण एका खोलीत सहा-सात माणसं आणि भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. तिथे प्रबंधाचं प्रकरण कसं लिहायचं? दिवाळी हा त्याचा सण नाही, पण दिवाळीची शिक्षा मात्र त्याच्या वाट्याला पुरेपूर येते. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी मुलांचं दुखणंही हेच. म्हणून हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा म्हणून मांडू नये. गरिबाच्या प्रत्येक मुलाचा तो प्रश्न आहे.

परतीच्या प्रवासाचा हिशोबही बघा. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा राज्य सरकारचा २०१८चा निर्णय आहे. दिवाळीच्या आठवड्यात तिकीट काढलेल्या कोणालाही विचारा, हा निर्णय कुठे दिसतो का. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्याला तासावर पैसे मिळतात. विभागाला कुलूप लागलं की तासही गेला आणि पैसेही. म्हणजे मिळकत थांबते त्याच आठवड्यात खर्च दुप्पट होतो.

प्रशासनाचं एक उत्तर ठरलेलं असतं: ‘कर्मचाऱ्यांना दिवाळी नको का?’ जरूर हवी. पण दवाखाने, एसटी, वीज केंद्रं दिवाळीतही चालतात. तिथे पाळ्या लावतात, बदली रजा देतात. शंभर खोल्यांपैकी वीस खोल्यांचा एक मजला आणि एक लहानशी मेस पाळीने चालू ठेवणं एवढं अवघड नाही. ज्यांचा त्या दिवसांत सण नाही असे कर्मचारीही आवारात असतात. त्यांनी दिवाळीत ड्युटी करावी आणि ईदला, नाताळला, बुद्धपौर्णिमेला सहकाऱ्यांनी त्यांची जागा घ्यावी. सर्वधर्मसमभावावर व्याख्यान ठेवण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त उपयोगाचं.

दुसरं उत्तर सुरक्षेचं. मुलींचं वसतिगृह रिकामं करण्याची घाई सर्वांत जास्त असते, कारण ‘जबाबदारी कोण घेणार?’ रखवालदार आणि वॉर्डन असलेल्या इमारतीत मुलगी असुरक्षित आणि सणाच्या गर्दीत रात्रीच्या बसमध्ये एकटी बसवली की सुरक्षित, हा तर्क मला कुणीतरी समजावून सांगावा. इथे सुरक्षा मुलीची होत नाही, संस्थेची होते.

आता थोडं आपल्या घरात पाहू, कारण कुलूप फक्त वसतिगृहालाच लागत नाही. आपल्या कितीतरी घरांत सुट्टीला आलेली एम.ए., एम.एस्सी.ची मुलगी दार ओलांडत नाही तोच रिश्त्याच्या गोष्टी सुरू होतात. ‘अब और कित्ता पढनेका?’ हा प्रश्न तिला चहाच्या कपाबरोबर मिळतो. खाला विचारते, फुफी विचारते, शेजारीण विचारते. पाहुणे येतात, फोटो जातात, आणि सुट्टी संपताना बॅग भरायची की नाही, याचा निर्णय तिच्याशिवाय सगळे मिळून घेतात. अशा मुलीला सुट्टी जवळ येताना आनंद होत नाही, धास्ती वाटते. परीक्षेत नापास होण्याची भीती तिला कमी असते. परत येता येईल का, ही जास्त.

सांगितलं जातं की जास्त शिकलेल्या मुलीला जोडीचा मुलगा मिळत नाही. अडचण खरी आहे, निष्कर्ष खोटा. मुलं दहावी-बारावीनंतर गॅरेज, दुकान, आखाताच्या वाटेला लागतात, हा मुलींचा गुन्हा नाही. मुलगे मागे राहिले म्हणून मुलींनी थांबायचं, तर पुढे जायचं कुणी? उपाय मुलाला कॉलेजात परत बसवण्याचा आहे. मुलीला कॉलेजातून उठवून दोघंही अर्धवट राहतील.

सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान आहे आणि पदव्युत्तर वर्गात दर पन्नासांत एक. पायरी एकच चढली आणि संख्या निम्मी झाली. ही गळती एका दिवसात होत नाही. ती अशाच पंधरवड्यांतून होते: एक सत्र बुडालं, एक परीक्षा चुकली, एक मुलगी सुट्टीवरून परतली नाही.

वरून आधारही काढून घेतला गेला. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरात बंद केल्याचं संसदेत सांगितलं. कारण काय, तर इतर योजनांशी ती ‘ओव्हरलॅप’ होते. या निर्णयाचा निषेध आपण केला आणि करत राहिलं पाहिजे. पण निषेधाच्या सभेला येणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो: रमजानमध्ये आपण अडीच टक्के जकात काढतो, त्यातला किती पैसा एखाद्या गरजू एम.एस्सी.च्या मुलीच्या खोलीभाड्याला जातो? जकातीच्या हक्कदारांत गरीब आहे, कर्जदार आहे, घरापासून दूर अडकलेला मुसाफिर आहे. वसतिगृहातून बाहेर काढलेला गरीब संशोधक यांतला कुणीच नाही का? मोठ्या इफ्तार पार्टीचा एका रात्रीचा खर्च अशा किती मुलांची सुट्टीतली मेस चालवील, हा हिशोब मोहल्ल्यातल्या जमातीने एकदा मांडावा.

या महाराष्ट्राला वसतिगृहाचं मोल कुणी नव्याने शिकवायला नको. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि त्या संस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छपराखाली ठेवली. शाळा कितीही काढल्या तरी राहायला-खायला जागा नसेल तर गरिबाचं पोर शिकत नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांची नावं भिंतीवर लावून वसतिगृहाच्या दाराला कुलूप ठोकणाऱ्यांना ते कधी कळणार?

मागण्या मोठ्या नाहीत. सुट्टीत थांबू इच्छिणाऱ्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याची यादी महिनाभर आधी करा. मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक मजला, एक मेस आणि अभ्यासिका चालू ठेवा. थकलेली फेलोशिप सुट्टीपूर्वी खात्यात जमा करा. आणि आपल्या आई-बापांनो, तुमच्यासाठी एकच: मुलगी सुट्टीला यायच्या आधीच तिचं परतीचं तिकीट काढून ठेवा.