बाटली आडवी ठेवा
कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात ओकव्हिलला ‘मार्थाज व्हिनयार्ड’ हा द्राक्षमळा आहे. हाइट्झ सेलर या वाइनरीनं १९६६ च्या कॅबर्ने सॉव्हिन्यॉन या रेड वाइनपासून बाटलीवर या एकाच मळ्याचं नाव छापलं. पेला नाकाशी नेला की पिकल्या फळाआधी पुदिना आणि निलगिरी येते. मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडंच आहेत. (मला व्हिक्सची डबी आठवते, रसिकांनी माफ करावं.) कोवळी वाइन मात्र कच्च्या केळ्यासारखी जीभ आवळते. हा तुरटपणा टॅनिनचा. अंधारात, १२-१३ अंशांवर, बूच ओलं राहील अशी बाटली आडवी ठेवली तर वीसेक वर्षांत तो मऊ होतो, तळाशी गाळ धरतो. आमच्या एका स्नेह्यांनी मात्र भारी बाटली पाहुण्यांना दिसावी म्हणून फ्रिजवर उभी ठेवली होती, चार उन्हाळे. बूच आक्रसलेलं, आत व्हिनेगर.