आधीं वाचावें, मग कळ दाबावी

'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. संगणकापुढें बसलेल्या पुष्कळांची स्थिति तशीच असते, हें गेल्या जून महिन्यांत आमच्या प्रत्ययास आलें.

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली आणि मुलांनीं संगणकवर्गांतील सर्वांत जुनें यंत्र सुरू केलें. त्यावर २०१० सालची उबुंटू १०.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. नेहमींच्या चित्राऐवजीं पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. डिस्क तपासतांना दोष आढळले आहेत. दुर्लक्ष करावयाचें असल्यास 'आय', ती डिस्क वगळावयाची असल्यास 'एस', स्वतः दुरुस्ती करावयाची असल्यास 'एम' दाबा, असा त्यांचा आशय होता. लागलीच मतांचा पाऊस पडला. कोणी म्हणे, "सर, 'आय' दाबा". कोणी म्हणे, "डिस्क गेली". एका स्नेह्यांनीं तर सर्व पुसून नवी प्रणाली घालण्याचा सल्ला दिला.

त्या डिस्कवर पांच वर्षांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकून लिहिलेल्या गांवोगांवच्या आठवणी होत्या. सांगणारांपैकीं कांहीं आज हयात नाहींत, आणि त्या लेखांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. हा अपराध सर्वस्वीं आमचा.

सुदैवानें इयत्ता नववींतील एका मुलीनें कळ न दाबतां त्या ओळी सावकाश वाचल्या. डिस्क शेवटीं वापरल्याची वेळ भविष्यकाळांतील आहे, अशी त्यांत तक्रार होती. पाहतों तों यंत्राच्या मतें तो दिवस १ जानेवारी २००२ हा होता! यंत्र बंद असतांना त्याचें घड्याळ चालविणारी नाण्याएवढी बॅटरी सुटींत संपली होती. सीआर २०३२ जातीची ३ व्होल्टची नवी बॅटरी बसवून तारीख नीट केली, तों यंत्र मुकाट्यानें सुरू झालें. डिस्क धडधाकट होती.

परंतु दैव प्रत्येक वेळीं इतकें अनुकूल नसतें. डिस्क म्हणजे ग्रंथालयाचें कपाट व फाइल-प्रणाली म्हणजे त्याची नोंदवही, असें समजा. ऐन कामांत वीज गेली कीं नोंदवही अर्धवट राहते. 'एफएससीके' नांवाचा कार्यक्रम ही वही दुरुस्त करतो. कपाट दुरुस्त करीत नाहीं. कपाटालाच वाळवी लागली असेल, पडद्यावर 'इनपुट-आउटपुट एरर' असे शब्द वारंवार येत असतील किंवा डिस्क टकटक वाजत असेल, तर दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न उरलेलें धन धोक्यांत घालतो. प्रत्येक प्रश्नास डोळे मिटून 'होय' म्हटल्यास कांहीं नोंदी कायमच्या पुसल्या जातात, तर कांहीं फाइली आपलें नांव गमावून नुसत्या क्रमांकानिशीं 'लॉस्ट-फाउंड' या कोठडींत जाऊन पडतात.

म्हणून आमच्या मतें क्रम असा असावा. प्रथम पडद्यावरील ओळी जशाच्या तशा उतरून घ्याव्या. नंतर पेनड्राइव्हवरील नव्या लिनक्सनें यंत्र सुरू करून, जुन्या डिस्कवर कांहींही न लिहितां, मोलाच्या फाइली दुसरीकडे उतरवाव्या. 'स्मार्टसीटीएल'च्या द्वारें डिस्कची प्रकृति विचारावी. ती खंगलेली दिसल्यास 'डीडीरेस्क्यू'नें तिची नक्कल करावी. तें वाचतां येणारा भाग आधीं उचलतें व बिघडलेल्या भागाकडे मागाहून वळतें. 'एफएससीके'चा क्रम सर्वांच्या शेवटीं, आणि तोही ती डिस्क वापरांत नसतांनाच.

एवढा वेळ कोणास आहे, असा प्रश्न कोणी करील. त्या मुलीस वाचावयास पांच मिनिटें लागलीं. पांच वर्षांचे लेख पुन्हा लिहावयास किती लागलीं असतीं? आणि जे आजोबा गेले, त्यांना कोणी विचारावयाचें?

'जुनें तें सोनें' हें खरें. पण घरगुती संगणकांसाठीं या आवृत्तीच्या सुधारणा २०१३ सालींच थांबल्या. यंत्र चालतें आहे, एवढ्यावर आम्हीं विसंबून राहिलों. आतां तें इंटरनेटपासून दूर, केवळ टंकलेखनास ठेविलें आहे, व त्या आठवणींच्या प्रती तीन ठिकाणीं आहेत.

पालकांस आमची विनंती आहे कीं, घरच्या संगणकांतील छायाचित्रें व कागदपत्रें यांची दुसरी प्रत आजच करावी. विद्यार्थिमित्रांनो, यंत्र तक्रार करूं लागलें तर आधीं त्याचें म्हणणें ऐकून घ्या. कळ कोठें पळून जात नाहीं.